पोस्टरचे आकडे : शिळाछापापासून फ्लेक्सपर्यंत

पोस्टर कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे, चित्राचे रिझोल्यूशन किती धरायचे आणि रंग कोणत्या पद्धतीत ठेवायचे, हे महाराष्ट्रातल्या डिझायनरने स्वतःच्या आवडीवरून क्वचितच ठरवले आहे. ते ठरवले छापणाऱ्या यंत्राने, आणि बऱ्याचदा देवनागरी अक्षराने. तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही फ्लेक्सच्या दुकानात आजही ‘तीनशे’, ‘बहात्तर’, ‘सीएमवायके’, ‘कर्व्ह करून पाठवा’ असे शब्द दिवसभर कानावर पडतात. यातला एकेक शब्द एकेका जुन्या यंत्राकडून आलेला आहे. यंत्रे मोडीत निघाली, त्यांचे आकडे मात्र धंद्यात राहिले.

रंगीत चित्रांचा धंदा इकडे शिळाछापावर उभा राहिला. दगडावर तेलकट खडूने चित्र काढून त्यावरून ठसा घेण्याची ही युक्ती सेनेफेल्डर या जर्मन गृहस्थाने १७९६ मध्ये शोधली. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा प्रेस निघाला. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे, आणि सगळे ठसे एकमेकांवर अचूक बसले तरच चेहरा चेहऱ्यासारखा दिसे. कोणता रंग किती दगडांत फोडायचा हे चित्रकारापेक्षा दगडावर काम करणारा कारागीर ठरवत असे. रंग छापण्याआधी तो फोडावा लागतो, ही आजच्या सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) पद्धतीची मूळ अट तेव्हापासूनची आहे.

शिळाछापाची मराठीच्या दृष्टीने एक मोठी सोय होती. अक्षरही हातानेच काढायचे असल्याने तेही चित्रच असे. वेलांटी कुठे बसवायची, जोडाक्षर कसे गुंफायचे याला दगडाची हरकत नसे. याउलट खिळ्यांच्या छपाईत देवनागरीच्या एका संचासाठी शेकडो वेगवेगळे खिळे ओतावे लागत आणि कंपोझिटरला भल्यामोठ्या केसमधून ते वेचावे लागत. त्यामुळे ट्रेडल छपाईयंत्रावर निघणारी हँडबिले अक्षरांनी भरलेली आणि रुक्ष राहिली, तर सजावट आणि ऐट चित्रकाराच्या कुंचल्याकडे गेली. मराठी पोस्टरात हाताने रेखलेल्या अक्षराचा जो मान पुढे शंभर वर्षे टिकला, त्याचे एक कारण या अडचणीत आहे.

चित्रपटाने या कुंचल्याला मोठे काम दिले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवली. ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या चित्रपटाचे पोस्टर उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. नंतर मुंबईत एस. एम. पंडित, दिवाकर करकरे यांच्यासारख्यांनी पोस्टरचित्रणाला स्वतःची शैली दिली. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवली होती. नावांचे रेखाटन हे या धंद्यातले स्वतंत्र कसब होते, आणि मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी ते अशा पातळीवर नेले की नाटकाचे नाव वाचण्याआधी त्याचा स्वभाव कळावा.

होर्डिंग रंगवणारा पेंटर छोट्या छायाचित्रावर पेन्सिलीने चौकटी पाडी, तितक्याच चौकटी वीस फुटी कॅनव्हासवर आखी आणि एकेक चौकट मोठी करून भरत जाई. जवळून पाहिले तर नायिकेच्या गालावर गुलाबी, हिरवट, पिवळे फटकारे दिसत. रस्त्याच्या पलीकडून त्यांचा गाल होई. किती अंतरावरून पाहणार त्यावर किती बारकावा लागतो, हे या माणसांना हाताच्या सवयीने ठाऊक होते. संगणकावर बसलेल्या पुढच्या पिढीला तेच गणित आकड्यांत शिकावे लागले, आणि अनेकांना ते अजून नीट पचलेले नाही.

तीनशे हा आकडा आला ऑफसेटमधून. ऑफसेट यंत्र फिका रंग छापू शकत नाही. शाई एक तर लागते किंवा लागत नाही. म्हणून छायाचित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांच्या जाळीत रूपांतर करतात. चांगल्या आर्ट पेपरवर ही जाळी इंचाला १५० ओळींची, तर वर्तमानपत्राच्या कागदावर ८५ ते १०० ओळींची असते. जाळीच्या प्रत्येक ओळीमागे मूळ चित्रात दोन पिक्सेल असावेत, हा छपाईतला जुना दंडक. दीडशेची दुप्पट तीनशे. म्हणजे तीनशे हे चित्राच्या दर्जाचे माप नाही. आर्ट पेपरवर, हातात धरून पाहण्याच्या वस्तूसाठी काढलेला तो हिशेब आहे. त्याच न्यायाने वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला १७० ते २०० पुरतात. पण अभ्यासक्रमांतून आणि क्लासेसमधून ‘प्रिंट म्हणजे तीनशे’ एवढेच पुढे गेले आणि त्यामागची जाळी मागे राहिली.

फ्लेक्स येण्याआधी ऑफसेटवर चार रंगांचे पोस्टर महाग पडे. चित्राचे चार पॉझिटिव्ह, चार प्लेटा आणि यंत्रावरून कागदाच्या चार फेऱ्या, असा खर्च असे. गावातल्या गणेश मंडळाचे किंवा कुस्तीच्या मैदानाचे पोस्टर म्हणूनच एकरंगी, फार तर दोनरंगी असायचे आणि स्क्रीन प्रिंटिंगने निघायचे. निवडणुकीतही चिन्ह आणि नाव भिंतीवर चुन्यात रंग कालवून रंगवले जाई.

संगणकाचा शिरकाव अक्षरजुळणीतून झाला. अॅपलचा मॅकिंटॉश १९८४ मध्ये आला. पुढच्याच वर्षी लेझररायटर हा प्रिंटर आणि अल्डस कंपनीचे पेजमेकर आले आणि टेबलावर बसून पान लावण्याचा, म्हणजे डीटीपीचा, मार्ग खुला झाला. कोरल ड्रॉ १९८९ चे, फोटोशॉप १९९० चे. तीनही सॉफ्टवेअर रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली होती. मराठीसाठीची सोय बऱ्याच अंशी पुण्यात झाली. तिथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट हे भारतीय लिप्यांसाठीचे तंत्रज्ञान आणि त्यावरची अक्षरजुळणीची साधने दिली, तर मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी छापखान्यांत आणि डीटीपी सेंटरांत रूढ झाले. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या पेठापेठांतून ‘येथे डीटीपी करून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. ऑपरेटर मजकूर जुळवून लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर काढून देई; ते ट्रेसिंग घेऊन गिऱ्हाईक स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे किंवा ऑफसेटवाल्याकडे जाई. अक्षराच्या कडा त्या ट्रेसिंगवर जितक्या धारदार उमटतील तितकेच छापील काम चांगले. सुरुवातीच्या लेझर प्रिंटरची ताकद इंचाला ३०० ठिपक्यांची होती, म्हणून मोठ्या अक्षराच्या तिरक्या कडेला दाते दिसत. हे ३०० आणि छायाचित्राचे ३०० यांचा एकमेकांशी संबंध नाही. आकडा एकच असल्याने गोंधळ मात्र कायमचा झाला.

कोरल ड्रॉ महाराष्ट्रात पोस्टरवाल्यांचे मुख्य साधन का झाले, याचे उत्तर फाँटच्या रचनेत सापडते. त्या पिढीतल्या फाँटमध्ये २५६ च जागा असत, आणि त्यातल्याही सगळ्या वापरता येत नसत. देवनागरीची मुळाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा, वेलांट्या, रफार आणि मुख्य जोडाक्षरे एवढ्यात कोंबावी लागत. प्रत्येक कंपनीने ती आपल्या मनाने कोंबली. एकाच्या फाँटमध्ये जिथे ‘क’ तिथे दुसऱ्याच्या फाँटमध्ये आडवी रेघ किंवा अर्धा ‘श’. सी-डॅकच्या योगेश फाँटमध्ये जुळवलेला मजकूर श्रीलिपीचा फाँट असलेल्या संगणकावर उघडला की शुभेच्छांच्या जागी चिन्हांचा ढिगारा दिसे. डिझायनर एकीकडे आणि छापणारा दुसरीकडे असल्यावर हा धोका रोजचाच.

त्यावर तोडगा निघाला तो अक्षराचे पुन्हा चित्र करण्याचा. कोरल ड्रॉ हे रेषांवर चालणारे सॉफ्टवेअर. त्यात अक्षर निवडून ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’ दिले की फाँटशी असलेले नाते तुटते आणि फक्त आकार उरतो. तो कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा उघडतो, कितीही मोठा केला तरी फाटत नाही. ‘फाइल कर्व्ह करून द्या’ हा धंद्याचा नियम झाला तो असा. किंमतही तशीच मोजावी लागली: कर्व्ह केलेल्या मजकुरातली शुद्धलेखनाची चूक नंतर दुरुस्त करता येत नाही, अक्षरच पुन्हा जुळवावे लागते. रस्त्यारस्त्यांवरच्या बॅनरांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांना डिझायनरचे अज्ञान जबाबदार असेलच, पण शेवटच्या क्षणी चूक सापडूनही ती तशीच छापली जाण्यामागे हा नियमही आहे.

फोटोशॉपचा मार्ग याहून खडतर होता. चेहरे कापून काढणे, पार्श्वभूमी बदलणे, सावल्या देणे यात त्याला तोड नव्हती, आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आल्यावर एकावर एक थर रचून पोस्टर उभारणे सोपे झाले. मराठी मात्र त्याला येत नव्हती. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतपद्धतीत देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा र. कृ. जोशींनी रेखलेला फाँट घरोघरी पोचला. तरी फोटोशॉपमध्ये युनिकोडचा मजकूर चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, रफार सुटा पडे आणि जोडाक्षराचे पाय मोडून खाली हलंत दिसे. कारण लिपी मांडण्याचे काम त्यातल्या मजकूर-यंत्रणेकडे होते आणि तिला भारतीय लिप्यांचे नियम शिकवलेलेच नव्हते. ही सोय पुढे फोटोशॉपच्या सीसी आवृत्त्यांत आली, तीही प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला तर. गंमत अशी की गिंप आणि इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरांत मराठी त्याआधीच नीट उमटत होती. पण त्यांना सीएमवायके धड हाताळता येत नव्हते, म्हणून छापणाऱ्यांनी ती जवळ केली नाहीत. लिपी की रंग, अशी ही निवड होती, आणि धंद्याने रंग निवडून लिपीसाठी जुना फाँट चालवून घेतला. दीर्घकाळचा तोटा मराठीचा झाला: लाखो पोस्टरांचा मजकूर शोधता येणार नाही अशा जुन्या फाँटांत आणि कर्व्ह केलेल्या आकारांत अडकून राहिला.

फाँट मराठी आहे की नुसता देवनागरी, हा प्रश्न त्याहून बारीक. हिंदी वळणाच्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपे वेगळी असतात. ‘सुऱ्या’ किंवा ‘दुसऱ्या’ मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र काही फाँटांत असतच नाही. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला प्रमाण करताना देठाचा श आणि पाकळीचा ल धरला. बॅनरवर तरीही हिंदी वळणाची अक्षरे सर्रास दिसतात, कारण ज्या फाँटात ऑपरेटरचा हात बसला तोच त्याचा फाँट.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फ्लेक्स आले आणि नंतरच्या काही वर्षांत बाकी सगळे झाकोळून गेले. पीव्हीसीच्या कापडावर थेट सॉल्व्हंट शाईने छापणारे हे यंत्र. ना पॉझिटिव्ह, ना प्लेट, ना किमान हजार प्रतींची अट. एक प्रत छापायचा दर चौरस फुटावर, आणि चार रंगांना एका रंगाएवढाच खर्च. वाढदिवस, दहावीतले यश, नियुक्ती, श्रद्धांजली, दहीहंडी, सगळ्यांचे बॅनर लागू लागले. पेंटरच्या हातचे काम गेले. काही पेंटर माउस धरायला शिकले, अनेक जण शिकले नाहीत.

आता पेंटरच्या चौकटींचे गणित आकड्यांत मांडावे लागले. दहा फूट बाय आठ फूट बॅनर तीनशेच्या हिशेबाने केला तर चित्र ३६,००० गुणिले २८,८०० पिक्सेलचे होते. चार रंगांत ते चार गिगाबाइटच्या वर जाते. फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाइलला एका बाजूला ३०,००० पिक्सेलची मर्यादा आहे, म्हणजे ही फाइल त्या रूपात जतनच होत नाही. त्यापेक्षा मोठी फाइल ठेवण्याची सोय २००३ च्या सीएस आवृत्तीत आली, पण तेव्हाच्या संगणकांची स्मृती एवढे ओझे उचलणारी नव्हती. तोच बॅनर बहात्तरवर केला तर फाइल सुमारे २४० मेगाबाइटची, छत्तीसवर केला तर साठची. आणि दिसण्यात काय बिघडते? माणसाचा डोळा एक मिनिट कोनापेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे ओळखत नाही. एका फुटावर हे माप इंचाला जवळपास २९० ठिपके होते. दहा फुटांवर २९ च. चौकातल्या बॅनरला कोणी नाक लावून पाहत नाही. छपाईवाले बहात्तर मागतात ते पुरून उरणारे आहे.

सॉफ्टवेअरच्या पानाची मर्यादाही इथे आड येई. इलस्ट्रेटर या कोरलसारख्याच रेषांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे पान बरीच वर्षे २२७ इंचांच्या, म्हणजे एकोणीस फुटांच्या पुढे जात नसे. कोरलचे पान १५० फुटांपर्यंत जाते. तीस फुटांची कमान कोरलमध्ये खऱ्या मापाची करता येई, इलस्ट्रेटरमध्ये दशांश मापात करून छापताना दहापट करावी लागे. मापाच्या या घोळात एक शून्य चुकले की अख्खा रोल वाया. कामाची वाटणी मग ठरूनच गेली: चेहरे आणि पार्श्वभूमी फोटोशॉपमध्ये, अक्षरे आणि जुळणी कोरलमध्ये, आणि छपाईला सीएमवायके जेपेग.

बहात्तर पुरतात हे खरे असले तरी ते पिक्सेल खरे असावे लागतात. फ्लेक्सच्या दुकानात गिऱ्हाईक कार्यकर्त्याचा पासपोर्ट फोटो आणून देते. पंचेचाळीस मिलिमीटर उंचीचा हा फोटो ३०० वर स्कॅन केला की उंचीत ५३१ पिक्सेल मिळतात. तो चार फूट उंच केला तर इंचाला अकराच पिक्सेल उरतात आणि डोळ्यांच्या जागी चौकोन दिसतात. तोच फोटो १२०० वर स्कॅन केला तर इंचाला ४४ पडतात आणि काम निभावते. सॉफ्टवेअरमध्ये नुसता आकडा ११ वरून ७२ केला तर संगणक मधले पिक्सेल अंदाजाने भरतो. फाइल फुगते, चेहरा तेवढाच पुसट राहतो. बॅनरवरच्या मेणासारख्या गुळगुळीत चेहऱ्यांमागे गोरे करून देण्याची हौस आहेच, पण पुसट फोटोवरचे दोष झाकण्यासाठी फिरवलेला ब्लरही आहे.

रंगांत सर्वांत जास्त भांडणे दोन रंगांवरून होतात. पडद्यावर प्रकाशाने तयार होणारा झळझळीत केशरी शाईत त्याच तेजाने उतरत नाही. तो मॅजेंटा साठ-सत्तर आणि पिवळा शंभर असा बांधावा लागतो, आणि मॅजेंटा थोडा वाढला की भगव्याचा लाल होतो. निळ्याचे उलट. पडद्यावरचा शुद्ध निळा आपोआप सीएमवायकेत बदलला की सायन आणि मॅजेंटा दोन्ही भरपूर येतात आणि छापून जांभळट निघतो. मॅजेंटा हाताने उतरवावा लागतो. महाराष्ट्रात हे दोन्ही रंग केवळ शोभेचे नाहीत. भगव्याचा लाल आणि जयंतीच्या निळ्याचा जांभळा झालेला बॅनर गिऱ्हाईक परत करते, म्हणून फाइल पडद्याच्या आरजीबी रंगांत घेऊन यंत्रावर बदलू देण्यापेक्षा आधीच बदलून, डोळ्यांनी पाहून घेण्याची सवय चांगल्या डिझायनरांना लागली.

मोबाइलवरच्या पोस्टरने हा सगळा हिशेब उलटा केला. इथे शाई नाही, म्हणून सीएमवायके नको. रंग एसआरजीबीत ठेवायचे. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये सुचवलेले हे माप पुढे बहुतेक पडद्यांनी आणि वेबने गृहीत धरले. इंचाचाही इथे संबंध नाही. बहात्तर हा आकडा पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यातून आलेला. एका इंचात छपाईचे बहात्तर पॉइंट आणि तेवढेच पिक्सेल, म्हणजे पडद्यावर दिसेल त्याच मापात कागदावर उतरेल अशी ती योजना होती. आजच्या मोबाइलच्या पडद्यावर इंचाला त्याच्या कितीतरी पट पिक्सेल असतात. फाइलवर ७२ लिहा की ३००, १०८० पिक्सेल रुंद चित्र १०८० च राहते. इन्स्टाग्रामने २०१५ मध्ये चित्राची रुंदी ६४० वरून १०८० वर नेली आणि चौकोनाची सक्ती काढली. तेव्हापासून १०८० बाय १०८० आणि १०८० बाय १३५० ही दोन मापे डिझायनरच्या संगणकावर तयारच असतात.

व्हॉट्सअॅपवर खरी कसोटी जेपेगची लागते. १९९२ मध्ये प्रमाण ठरलेली ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि उजेडापेक्षा रंगाची माहिती जास्त गाळते. छायाचित्रात ते कळत नाही. पिवळ्यावर लाल अक्षर असले, आणि मराठी शुभेच्छांचे पोस्टर बहुधा तसेच असते, तर अक्षराच्या कडेला मळकट झालर येते. व्हॉट्सअॅप पाठवताना चित्र लहान करून पुन्हा दाबते, आणि पुढे ढकलत गेलेले पोस्टर डाउनलोड करून, कापून परत पाठवले की प्रत्येक वेळी आणखी खराब होते. यावर उपाय म्हणून डिझायनर अक्षरांना जाड गडद बाह्यरेषा देतात, बारीक मजकूर टाळतात, पीएनजी देतात, किंवा फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतात. मोठ्या आकारात फोटो पाठवण्याची सोय व्हॉट्सअॅपने २०२३ मध्ये दिली. ती आपण होऊन निवडावी लागते, आणि बहुतेक जण निवडत नाहीत.

याच काळात डिझायनरच बाजूला पडू लागला. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये सुरू झालेले कॅन्व्हा आणि मोबाइलवरची पिक्सेललॅबसारखी अॅप यांत फाँट, माप आणि रंगपद्धत आधीच ठरवून दिलेली असते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू हे युनिकोड फाँट गुगल फाँट्सवर मोफत मिळू लागल्यावर मोबाइलवर शुद्ध, सुबक मराठी जुळवणे कोणालाही शक्य झाले. वीस वर्षे अडलेला अक्षराचा प्रश्न सुटला तो मुख्यतः इथे. छापायची वेळ आली की मात्र हेच पोस्टर फ्लेक्सच्या दुकानात १०८० पिक्सेलचे जेपेग म्हणून येते. आठ फुटी बॅनरवर ते इंचाला अकरा पिक्सेल देते. दुकानातला ऑपरेटर मग चेहरे तेवढे ठेवतो, कोरल उघडतो आणि सगळा मजकूर श्रीलिपीत पुन्हा जुळवायला घेतो.